आम्ही वसाहती लुटल्या नाहीत, मग भरपाई आम्ही का द्यायची?

१ मे १९७४. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचं खास अधिवेशन तीन आठवड्यांच्या वादावादीनंतर संपत आलं होतं. त्या दिवशी सभागृहाने मतदान न घेता दोन ठराव मंजूर केले. एक होता ‘नवी आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्था’ उभारण्याचा जाहीरनामा, दुसरा त्याचा कृती कार्यक्रम. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी श्रीमंत जगाला बजावलं की आमचे झेंडे बदलले, राष्ट्रगीतं बदलली, पण बाजाराचे नियम अजून तुमचेच आहेत, आता तेही बदलले पाहिजेत. अमेरिकेने आणि तिच्या मित्रदेशांनी लगेच आपले आक्षेप नोंदवले. सोव्हिएत संघाने, ज्याला आपल्याकडे सगळे सरसकट ‘रशिया’ म्हणायचे, ठरावांना पाठिंबा दिला.

कम्युनिस्ट महासत्ता गरिबांच्याच बाजूने उभी राहणार, असं वाटणं साहजिक आहे. कॉलेजात असताना मलाही तसंच वाटायचं. पुढे ठराव, भाषणं आणि व्यापाराचे करार शेजारी शेजारी ठेवून वाचले, तेव्हा गुंता दिसायला लागला. सोव्हिएत संघाने गरीब देशांना पुष्कळ दिलं. आपण भारतीयांनी तर ते विसरूच नये. पण जगाचे नियम बदलायच्या लढाईत त्याने आपलं मत दिलं, जबाबदारी मात्र घेतली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते समजून घ्यायचं तर आधी मागणी काय होती ते पाहू.

कांद्याची पोती आणि पाण्याची मोटर

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे दुखणं समजावून सांगावं लागत नाही. समजा, पूर्वी वीस पोती कांदा विकला की पाण्याची मोटर घरी यायची. आज त्याच मोटरीला चाळीस पोती मोजावी लागतात. कष्ट तेवढेच, रान तेवढंच, पण हातात पडणारं निम्मं. आता शेतकऱ्याच्या जागी देश ठेवा. घाना कोको विकतो, झांबिया तांबं, श्रीलंका चहा, क्यूबा साखर. बदल्यात यंत्रं, खतं आणि औषधं घ्यायची. कच्च्या मालाचे भाव वरखाली होत राहतात, आणि लांबचा हिशेब मांडला तर यंत्रांच्या तुलनेत मागेच पडतात. अर्थशास्त्रात याला व्यापारशर्ती बिघडणं म्हणतात. अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश यांनी हे १९५० च्या सुमाराला ठामपणे मांडलं. १९६४ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद, म्हणजे अंक्टाड, भरली. तिचे पहिले महासचिव प्रेबिशच झाले. त्याच परिषदेच्या अखेरीस ७७ गरीब देशांनी आपला गट बांधला. पुढे सदस्य वाढत गेले, नाव ‘७७ चा गट’ असंच राहिलं.

१९७४ च्या मागण्या याच दुखण्यातून आल्या होत्या. कच्च्या मालाचा भाव यंत्रांच्या भावाशी बांधा, म्हणजे मोटर महागली तर कांद्यालाही त्या प्रमाणात भाव मिळेल. आपल्या हमीभावाच्या मागणीची ही जागतिक बहीणच म्हणायची. भाव पडला की माल खरेदी करून ठेवणारा आणि चढला की बाजारात सोडणारा राखीव साठा उभारा. आमच्या खाणी आणि तेलविहिरी ताब्यात घ्यायचा हक्क मान्य करा. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम मदत म्हणून द्यावी, हे १९७० साली आमसभेत ठरलंय, ते पाळा. नाणेनिधीत आणि जागतिक बँकेत आमच्या मतांना वजन द्या.

हे सगळं १९७४ मध्येच का पेटलं? कारण त्याआधीच्या हिवाळ्यात तेल उत्पादक देशांनी तेलाचा भाव जवळजवळ चौपट केला होता. कच्चा माल विकणारेही एकजुटीने भाव ठरवू शकतात, हे पहिल्यांदाच जगाला दिसलं. खास अधिवेशनाची मागणी अल्जिरियाचे अध्यक्ष हुआरी बूमेदिएन यांनी केली होती. १९७१ मध्ये फ्रेंच कंपन्यांचं तेल राष्ट्रीय मालकीत घेणारा हा नेता तेव्हा अलिप्त देशांच्या चळवळीचा अध्यक्ष होता.

‘ड’ गटाचं म्हणणं

सोव्हिएत संघ या जागतिक बाजारात कुठे बसत होता? खरं तर बाहेरच. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्माला आली तेव्हा सोव्हिएत प्रतिनिधी तिथे हजर होते. पण पुढे मॉस्कोने त्या करारांना मंजुरीच दिली नाही. गॅट या व्यापार करारातही ते नव्हते. त्यांनी आपल्या मित्रदेशांसाठी १९४९ मध्ये कोमेकॉन ही वेगळी आर्थिक संघटना काढली. त्यामुळे जागतिक व्यापारावर चर्चा करायला संयुक्त राष्ट्रांची एक मोठी परिषद घ्या, ही मागणी १९५० च्या दशकाच्या मध्यापासून सोव्हिएत संघच लावून धरत होता. पश्चिमेने त्याच्याशी होणाऱ्या व्यापारावर निर्बंध घातले होते, ते मोडायला त्याला व्यासपीठ हवं होतं. अंक्टाडच्या जन्मात मॉस्कोचा हा हात आहे, आणि तो मोलाचा आहे.

अंक्टाडमध्ये देशांच्या याद्या होत्या. ‘अ’ मध्ये आशिया-आफ्रिका, ‘ब’ मध्ये श्रीमंत भांडवलशाही देश, ‘क’ मध्ये लॅटिन अमेरिका, आणि ‘ड’ मध्ये सोव्हिएत संघ व पूर्व युरोप. ‘अ’ आणि ‘क’ मागणार, ‘ब’ देणार, हे सगळ्यांना कळत होतं. मग ‘ड’ चं काय?

‘ड’ गटाची भूमिका थोडक्यात अशी होती. गरीब देशांची गरिबी वसाहतवादातून आली. वसाहती ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, पोर्तुगाल यांनी लुटल्या, आणि आता अमेरिकी कंपन्या तोच धंदा पुढे चालवताहेत. आम्ही यातलं काही केलेलं नाही. मग नुकसानभरपाई आमच्याकडून कशी मागता? आम्ही मदत करतो ती मैत्रीच्या नात्याने, देणं म्हणून नव्हे. १९७६ च्या शरदात सोव्हिएत सरकारने आंतरराष्ट्रीय आर्थिक संबंधांच्या पुनर्रचनेवर एक सविस्तर निवेदन संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलं. त्याचा गाभा हाच होता. ०.७ टक्क्यांचं बंधन मॉस्कोने आपल्याला कधी लावून घेतलं नाही.

या युक्तिवादात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. काँगोत रबर आणि बंगालात नीळ रशियाने लादली नव्हती. (मध्य आशिया आणि कॉकेशस झारच्या फौजांनी जिंकले होते, त्याची आठवण मॉस्कोला कुणी करून दिलेली आवडत नसे.) पण घानाच्या अर्थमंत्र्याच्या जागी बसून पाहा. कोकोचा भाव पडलाय, तिजोरीत डॉलर नाहीत, शाळा बंद करायची वेळ आलीय. समोर जगातली दुसऱ्या क्रमांकाची औद्योगिक शक्ती उभी आहे आणि सांगतेय की तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, शेजारच्या दारावर जाऊन मागा. बरोबर असल्याचा दाखला घेऊन तो मंत्री करणार काय?

मॉस्कोला ‘श्रीमंत उत्तर आणि गरीब दक्षिण’ ही भाषासुद्धा मान्य नव्हती. अशी विभागणी केली की सोव्हिएत संघ आपोआप अमेरिकेच्या शेजारी जाऊन बसतो. त्याच्या मते खरी रेघ समाजवाद आणि साम्राज्यवाद यांच्यात होती. १९७३ मध्ये अल्जिअर्सच्या अलिप्त परिषदेत क्यूबाचे फिडेल कॅस्ट्रो यांनी सोव्हिएत संघाची जोरदार बाजू घेतली आणि अमेरिका व सोव्हिएत संघ असे दोन साम्राज्यवाद असल्याचा सिद्धांत खोडून काढला. सभागृहातल्या सगळ्यांना ते पटलं नाही. १९७९ मध्ये हवानात समाजवादी देश हे अलिप्तांचे नैसर्गिक मित्र आहेत, असं ठरवून घ्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा युगोस्लाव्हियाच्या म्हाताऱ्या टिटोंनी विरोध केला.

१९७४ च्या अधिवेशनात सोव्हिएत बाकावर सगळ्यात मोठा घाव पश्चिमेकडून आला नाही. तो घातला चीनने. १० एप्रिलला डेंग झियाओपिंग बोलायला उभे राहिले. चीन संयुक्त राष्ट्रांत येऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती. डेंग म्हणाले की जग तीन भागांत वाटलं गेलंय. पहिल्या जगात अमेरिका आणि सोव्हिएत संघ, या दोन महासत्ता. दुसऱ्यात युरोप, जपान वगैरे. तिसऱ्यात आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका, आणि चीनही. म्हणजे एका कम्युनिस्ट देशाने दुसऱ्या कम्युनिस्ट देशाला जगासमोर शोषकांच्या पंगतीत नेऊन बसवलं. चीन कधी महासत्ता होणार नाही, झालाच आणि इतरांवर दादागिरी करू लागला तर जगाच्या जनतेने त्याला उघडं पाडावं, असंही त्या भाषणात होतं. आज ते वाक्य वाचताना थबकायला होतं.

शून्य जकातीचा अर्थ

सोव्हिएत धोरणाची अडचण एका छोट्या उदाहरणात नीट दिसते. गरीब देशांचा माल आपल्या बाजारात सहज येऊ द्या, त्यावर जकात लावू नका, ही अंक्टाडमधली जुनी मागणी. पाश्चात्त्य देश त्यावर वर्षानुवर्षं घोळ घालत राहिले. सोव्हिएत संघाने १ जानेवारी १९६५ पासून विकसनशील देशांच्या मालावरची जकात सरळ काढून टाकली. किती उमदं पाऊल!

पण जकात महत्त्वाची कुठे असते? जिथे दुकानदार आणि गिऱ्हाईक भाव पाहून माल निवडतात तिथे. सोव्हिएत संघात परदेशी व्यापार हा सरकारचा एकाधिकार होता. यंदा किती चहा आणायचा, किती कॉफी, किती जोडे, हे मॉस्कोतल्या नियोजनाच्या टेबलावर ठरे. तिथे ठरलं नसेल तर जकात शून्य असूनही माल बंदरात उतरणार नाही. ठरलं असेल तर जकात असूनही उतरेल. जकात काढल्याने गरीब देशांच्या हातात नवं असं फारसं काही आलं नाही. त्यांच्या एकूण व्यापारात समाजवादी गटाचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला. १९७६ मध्ये नैरोबीत अंक्टाडची चौथी परिषद भरली, तोवर ७७ च्या गटाने ‘ड’ गटापुढेही स्वतंत्र मागण्या ठेवायला सुरुवात केली होती. आमचा माल जास्त घ्या, तो घ्यायचं तुमच्या योजनेत लिहा, आणि तुमच्याकडे माल विकून जे पैसे मिळतात ते दुसऱ्या देशात वापरता येतील असं काहीतरी करा. त्याच वर्षी रुमानिया हा ‘ड’ गटातला देश ७७ च्या गटात जाऊन बसला. वारं कुठल्या दिशेला वाहतंय ते बुखारेस्टला कळलं होतं.

गव्हाची गोष्ट

आमच्या घरी १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी अजून निघतात. विहिरींना तळ दिसला होता, खडी फोडायच्या कामावर सगळं गाव होतं, आणि रेशनवर मिळायची ती तांबडी मिलो ज्वारी. भाकरी थापायला घेतली की तिचे तुकडे पडायचे, असं आई सांगायची. त्या वर्षी जगाच्या धान्य बाजारात काय घडत होतं, हे तेव्हा गावात कुणाला ठाऊक असणार?

१९७२ मध्ये सोव्हिएत संघाचंही पीक बुडालं होतं. त्या उन्हाळ्यात सोव्हिएत अधिकाऱ्यांनी अमेरिकेत जाऊन वेगवेगळ्या कंपन्यांशी गुपचूप सौदे केले आणि प्रचंड धान्य उचललं. अमेरिकी सरकार तेव्हा गव्हाच्या निर्यातीला अनुदान देत होतं, म्हणजे हा गहू त्यांना स्वस्तात पडला. सौद्यांचा आकार बाजाराला कळेपर्यंत साठे रिकामे झाले होते. पुढच्या वर्षभरात गव्हाचा जागतिक भाव दुपटीहून वर गेला. दुष्काळात सापडलेल्या भारताला त्याच चढ्या बाजारात धान्य घ्यावं लागलं.

आणि मग, १९७३ च्या सप्टेंबरअखेर, सोव्हिएत संघाने भारताला २० लाख टन गहू उसना देऊ केला. रोख पैसे नकोत, पुढे जमेल तेव्हा धान्यच परत करा. इंदिरा गांधींच्या सरकारला त्या घडीला याहून मोठा आधार दुसरा नव्हता. जहाजं आली, गहू उतरला, माणसं जेवली. ही मदत मी कधीच छोटी म्हणणार नाही. अडचणीच्या वेळी दारात धान्य आणून टाकणारा शेजारी माणूस जन्मभर विसरत नाही.

पण सोव्हिएत धोरणाच्या दोन्ही बाजू याच एका गव्हात दिसतात. सरकारी एकाधिकाराने बाजारात गुपचूप शिरून भाव उडवणं हीसुद्धा जागतिक व्यवस्थेतली एक ताकद होती, आणि तिचा फटका गरिबांना बसला. दुष्काळाच्या वर्षी कुणी किती धान्य उचलायचं, साठ्याची माहिती आधी द्यायची की नाही, यावर जगाला नियम हवे होते. असे नियम झाले असते तर ते मॉस्कोवरही आले असते. मॉस्कोला ते नको होते. तिला एकेका देशाशी स्वतंत्र व्यवहार हवा होता, ज्यात द्यायचं किती, कधी आणि कुणाला, हे तिच्या हातात राहतं.

रुपयाचं खातं

हा देशागणिक व्यवहार कसा चालायचा? भिलाईचं उदाहरण घेऊ. २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, १० लाख टनांचा पोलाद कारखाना. व्याज अडीच टक्के, फेड १२ वर्षांत. पाश्चात्त्य कर्जांच्या मानाने हे बरंच स्वस्त होतं. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. पण सगळ्यात मोठी सवलत व्याजात नव्हती, ती फेडीत होती. हप्ते रुपयांत भरायचे होते.

त्या काळी डॉलर आणि पौंड मिळवणं म्हणजे देशाच्या नाकी नऊ येत. १९५८ च्या सुमाराला तर आपली परकी गंगाजळी आटली होती. अशा वेळी सोव्हिएत संघ म्हणत होता की तुमच्याच रिझर्व्ह बँकेत आमचं खातं उघडा, हप्ता त्यात जमा करा. त्या रुपयांचं तो काय करायचा? भारतातच खर्च करायचा. आसामचा चहा, दक्षिणेची कॉफी आणि काजू, कानपूरचं चामडं, बंगालचा ताग, मुंबईचे तयार कपडे आणि औषधं. दोन्ही सरकारं दरवर्षी यादी करून बसत, कोण काय आणि किती घेणार याची. मशीन आलं आणि चहा गेला, मध्ये डॉलर कुठेच नाही.

लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी शाळेच्या पटांगणात सोव्हिएत पुस्तकांचं प्रदर्शन लागायचं. गुळगुळीत जाड कागद, पानभर रंगीत चित्रं, छान मराठी, आणि किंमत दोन-तीन रुपये. मॉस्कोत छापलेलं पुस्तक इतकं स्वस्त कसं, असा प्रश्न तेव्हा पडला नाही. ते दोन रुपयेही याच मोठ्या रुपया-व्यवहाराचा कण होते, हे पुष्कळ उशिरा उमगलं.

याच व्यवहाराचं दुसरं रूप पवईला आहे. १९५० च्या दशकात सोव्हिएत संघ संयुक्त राष्ट्रांच्या तांत्रिक मदत निधीत वर्गणी देऊ लागला, पण ती रुबलमध्ये. हे रुबल दुसऱ्या कुठल्याही चलनात बदलता येत नव्हते. ते खर्चायचे तर सोव्हिएत यंत्रं आणि सोव्हिएत तज्ज्ञच घ्यावे लागत. युनेस्कोपुढे प्रश्न पडला की या रुबलचं करायचं काय. त्यातला मोठा भाग मुंबईत नव्या तंत्रशिक्षण संस्थेला मिळाला. १९५८ मध्ये आयआयटी मुंबई सुरू झाली. सोव्हिएत प्राध्यापक आले, प्रयोगशाळांची उपकरणं आली. म्हणजे ज्या चलनाची जगात कुठेच पत नव्हती, त्यातून आपल्याकडे एक उत्तम संस्था उभी राहिली. मला यात सोव्हिएत मदतीचं बळ आणि तिची मर्यादा दोन्ही एकत्र दिसतात. मदत खरी होती. पण ती ज्या खोलीत दिली त्याच खोलीत वापरायची होती.

सगळ्यात आश्चर्याची गोष्ट क्यूबाची. १९६० मध्ये अमेरिकेने क्यूबाच्या साखरेचा कोटा कापला, आणि सोव्हिएत संघ ती साखर घेऊ लागला. १९७० च्या दशकाच्या मध्यात दोघांनी असा करार केला की सोव्हिएत मालाचे भाव वाढले तर साखरेचा भावही त्या प्रमाणात वाढवायचा. म्हणजे पोती आणि मोटर एका दोरीला बांधली! गरीब जग न्यूयॉर्कमध्ये जे मागत होतं, अगदी तेच. जगात कुणी करून दाखवलं नाही ते मॉस्कोने एका बेटासाठी केलं. पण घानाच्या कोकोसाठी नाही, झांबियाच्या तांब्यासाठी नाही. नियम म्हणून नाही, जिव्हाळ्याच्या मित्रासाठी म्हणून.

मदतीच्या आकड्यांचा वादही इथूनच उभा राहतो. १९८२ मध्ये सोव्हिएत संघाने सांगितलं की आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्क्याच्या घरात आहे. पाश्चात्त्य अभ्यासकांचे अंदाज त्याच्या पाव हिश्श्याच्याही खाली होते. फरक एवढा मोठा का? साखरेला जास्त दिलेला भाव मदत धरायचा की नाही, आणि क्यूबा, व्हिएतनाम, मंगोलिया या कोमेकॉनच्याच सदस्यांना दिलेलं मोजायचं की नाही, यावर उत्तर बदलत होतं.

मत, ठराव आणि रिकामी खुर्ची

डिसेंबर १९७४ मध्ये देशांच्या आर्थिक हक्क आणि कर्तव्यांची सनद आमसभेत मताला आली. बाजूने १२०, विरोधात ६, तटस्थ १०. विरोधकांत अमेरिका, ब्रिटन आणि पश्चिम जर्मनी होते. सोव्हिएत मत बाजूने पडलं. परकीय कंपन्यांची मालमत्ता राष्ट्रीय मालकीत घ्यायचा हक्क त्या सनदेत होता, आणि तिथे सोव्हिएत संघाला काहीच गमवायचं नव्हतं. त्याआधी १९७३ मध्ये मॉस्कोने आणखी एक ठराव आणला होता. सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांनी लष्करी खर्च १० टक्क्यांनी कापावा आणि वाचलेल्या पैशाचा काही भाग गरीब देशांना द्यावा. कल्पना मनाला भिडणारी होती. पण ती पाचांनी मिळून करायची होती. बाकीचे चौघे तयार झाले नाहीत, चीनने तर ठरावाला ढोंग म्हटलं, आणि एकट्याने सुरुवात करायची मॉस्कोची तयारी नव्हती. पैसा आलाच नाही.

नैरोबीत राखीव साठ्यांसाठी एक सामाईक निधी उभारायचं ठरलं. अमेरिकेचा विरोध होता, तो हळूहळू मावळला, करार १९८० मध्ये तयार झाला. पुरेसे देश सही करून वर्गणी देईनात म्हणून तो अंमलातच येईना. ‘ड’ गटाचा हात इथे आखडता राहिला. सोव्हिएत संघाने सही केली ती थेट १९८७ मध्ये, मॉस्कोत गोर्बाचेव्ह सत्तेवर आल्यावर. निधी १९८९ मध्ये सुरू झाला, तोवर त्याचं मूळचं बळ ओसरलं होतं.

१९८१ च्या ऑक्टोबरात मेक्सिकोत कानकुनला २२ देशांचे नेते जमले. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन होते, इंदिरा गांधी होत्या, चीनचे पंतप्रधान झाओ झियांग होते. उत्तर-दक्षिण प्रश्नावर एवढ्या वरच्या पातळीवर बोलायची ती शेवटची मोठी संधी होती. सोव्हिएत संघाला निमंत्रण होतं. तो गेला नाही. हा प्रश्न वसाहतवाद्यांचा आहे, आमचा नाही, हे जुनंच कारण. मला ही रिकामी खुर्ची फार खटकते. रेगन सगळं बाजारावर सोडा म्हणत होते, आणि ज्या देशाने त्यांच्यासमोर बसून गरिबांच्या बाजूने जोर लावायला हवा होता तो घरी राहिला. दुसऱ्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेक्सिकोने कर्ज फेडता येत नसल्याचं जाहीर केलं. मग एकेक गरीब देश नाणेनिधीच्या दारात उभा राहू लागला. नियम बदलायची भाषा संपली, नियम पाळायच्या अटी सुरू झाल्या.

गोर्बाचेव्ह यांनी धोरण वळवलं. १९८६ मध्ये गॅटच्या वाटाघाटींत बसू द्या म्हणून विचारलं, नकार मिळाला. ७ डिसेंबर १९८८ ला आमसभेत त्यांनी सगळ्यात गरीब देशांच्या कर्जफेडीला १०० वर्षांपर्यंत स्थगिती द्यायची, काही ठिकाणी कर्ज माफच करायची तयारी दाखवली. परस्परांत अडकलेल्या जगाचे प्रश्न सगळ्यांचे आहेत, ही भाषा मॉस्कोकडून यायला १९८८ उजाडलं. तीन वर्षांनी तो देशच राहिला नाही.

एक गोष्ट मला या सगळ्यात निर्विवाद वाटते. सोव्हिएत संघाची खरी मदत त्याच्या ठरावांतून आली नाही, ती त्याच्या असण्यातून आली. १९६० मध्ये त्याने भारताला स्वस्त कच्चं तेल देऊ केलं, परदेशी तेल कंपन्यांनी ते आपल्या रिफायनऱ्यांत शुद्ध करायला नकार दिला, पण त्याच रेट्याने त्यांना भाव उतरवावे लागले. अमेरिकेने अस्वान धरणाचा पैसा काढून घेतल्यावर इजिप्तला दुसरं दार होतं. अमेरिकेने बोकारोच्या पोलाद कारखान्याला हात वर केल्यावर आपल्यालाही होतं. बाजारात दुसरा गिऱ्हाईक उभा असला की पहिला नीट बोलतो. १९९१ नंतर हे दुसरं दार बंद झालं, आणि गरीब देशांचा वाटाघाटीतला आवाज बसला.

रुपयाच्या खात्याचा शेवट मात्र तेव्हा झाला नाही. सोव्हिएत कर्ज रशियाच्या नावावर आलं, १९९३ मध्ये नवा करार झाला आणि आपण ते वर्षानुवर्षं रुपयांतच फेडत राहिलो. युक्रेन युद्धानंतर भारत रशियाकडून भरपूर तेल घेऊ लागला आणि काही व्यवहार पुन्हा रुपयांवर आले. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव्ह गोव्यात बाणावलीला आले होते. तिथे पत्रकारांशी बोलताना त्यांनी सांगितलं की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साठलेत, ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलून मिळायला हवेत. तुमच्याकडे विकून मिळवलेला पैसा बाहेर वापरता येत नाही, त्याचं काहीतरी करा, असं नैरोबीत गरीब देश ‘ड’ गटाला सांगत होते. बाणावलीत तेच गाऱ्हाणं मॉस्कोचा मंत्री मांडत होता.